'चालता येतंय ना?' एवढे विचारून भागत नाही

गुडघा मुरगळला, ओल्या जिन्यावरून पाय घसरला, कबड्डीच्या मैदानात कुणी अंगावर पडले, की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चालता येतंय ना?" उत्तरही ठरलेलेच असते. "येतंय." मग कुणी हळद-चुन्याचा लेप घालते, कुणी गरम विटेने शेकते, मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कामावर हजर असतो. ज्याची एक हजेरी बुडाली की घरातली चूल अडते, तो "येतंय" याशिवाय दुसरे काय सांगणार?

हा प्रश्न मुळात वाईट नाही. डॉक्टरही तोच विचारतात. पण ते पावले मोजून विचारतात आणि आपण माणसाची हिंमत मोजून विचारतो. आपल्याकडे "चालता येतंय ना?" याचा खरा अर्थ "सहन होतंय ना?" असा असतो. पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत केलेल्या समाजात सोसण्याला मान आहे, आणि तो का आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र गुडघ्याच्या आतले हाड, गादी आणि अस्थिबंध यांना त्या मानाशी काही देणेघेणे नसते. आमचे स्पष्ट मत आहे की दवाखान्यात जायचे की घरी थांबायचे, हे किती दुखते यावरून ठरवणे सोडून दिले पाहिजे. गुडघा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, यावरून ते ठरवावे.

काही जण लगेच बाबासाहेबांचे उदाहरण देतात. मधुमेह होता, पाय दुखत होते, तरी ते रात्र रात्र लिहीत राहिले. हे खरेच आहे. पण त्यांनी डॉक्टर टाळले नाहीत, उपचार घेतले, हेही तितकेच खरे आहे आणि ते सोयीस्करपणे विसरले जाते. खुद्द भगवान बुद्धांच्या बाबतीत परंपरा सांगते की देवदत्ताने गृध्रकूटावरून ढकललेल्या शिळेचा तुकडा लागून त्यांचा पाय जखमी झाला, तेव्हा वैद्य जीवकाने त्यांच्यावर उपचार केले. तक्षशिलेत शिकलेला वैद्य उपलब्ध असताना बुद्धांनी त्याच्याकडून जखम बांधून घेतली. "नशिबाचे भोग" म्हणून ती कुणी तशीच ठेवली नाही. आपण धम्म स्वीकारताना कर्मविपाकाची जुनी भाषा सोडली, मग गुडघ्याच्या दुखण्यापुरतीच ती का परत यावी?

आता वेदनेविषयी. वेदना खोटी साक्ष देते, हे सर्वात आधी समजून घ्यावे. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना तिरपा बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. कबड्डीत वळताना, पळता पळता एकदम थांबताना किंवा उडी मारून चुकीचे उतरताना तो तुटतो. पुष्कळांना त्या क्षणी आतून 'कट्' असा आवाज येतो किंवा काहीतरी सुटल्यासारखे वाटते. दुखते जोरात, पण कित्येकदा अर्ध्या तासात वेदना इतकी कमी होते की पोरगा पुन्हा मैदानात उतरायला बघतो. दोन-तीन आठवड्यांत सूजही ओसरते आणि सगळे म्हणतात, बरा झाला. त्यानंतर तो जिना उतरताना किंवा वळताना गुडघा अचानक दगा देतो. एकदा, दोनदा, चारदा. प्रत्येक वेळी आतली गादी आणि हाडावरची कूर्चा थोडी थोडी फाटत आणि झिजत जाते. विशीतल्या मुलाचा गुडघा चाळिशीआधी म्हाताऱ्याचा होण्याची वाट ही अशी असते, आणि त्या वाटेवर फार दुखले असे बहुतेकांना आठवतही नाही.

याउलट नुसत्या मुक्या मारानेही माणूस रात्रभर कण्हू शकतो आणि आठ दिवसांत ठणठणीत होतो.

म्हणून वेदनेऐवजी घड्याळ बघावे. मार लागल्यापासून गुडघा किती वेळात सुजला? पहिल्या दोन तासांत भोपळ्यासारखा फुगला तर आत रक्त साकळले आहे असे समजावे. त्यामागे अस्थिबंध तुटलेला असतो, हाड मोडलेले असते किंवा वाटी निसटून परत बसलेली असते. असा गुडघा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. सूज हळूहळू, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आली तर बहुधा गादीला इजा किंवा साधी लचक असते. तिथे थोडी उसंत असते. ही एक वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितली तरी त्यांचे निम्मे काम होते. पण आमच्या अनुभवात केसपेपर काढताना हे कुणी सांगत नाही. "कालपासून दुखतंय" एवढेच सांगितले जाते.

काही प्रसंगांत घड्याळही बघत बसू नये. गुडघ्याचा आकार वाकडा दिसतो, हाड कातडीतून बाहेर आले आहे किंवा तिथे खोल जखम आहे, गुडघ्याखालचा पाय थंड पडला आहे, पांढरा-निळा दिसतो, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, पाऊल वर उचलता येत नाही, यातले काहीही असेल तर थेट १०८ ला फोन करावा. गाडीवरून जोरात पडून किंवा उंचावरून कोसळून गुडघा पूर्ण निखळतो, तेव्हा त्याच्या मागून जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटू किंवा दबू शकते. साधारण सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही तर पाय वाचवणे फार अवघड होते. यातली फसवी गोष्ट अशी की निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो आणि बाहेरून फक्त सुजलेला दिसतो. म्हणून मोठ्या अपघातानंतर पावलाला हात लावून बघा, दुसऱ्या पावलाइतके गरम आहे का, बोटे हलतात का. हे बघायला कोणतीही पदवी लागत नाही. वाकडा गुडघा ओढून सरळ करण्याचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठा लावून, पंच्याने बांधून न्यावे.

आता ती पावले मोजण्याची गोष्ट. कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात गुडघ्याच्या मारासाठी एक सोपा नियम तयार केला. एक्स-रे कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही, हे ठरवण्यासाठी तो आज जगभर वापरला जातो. पाचांपैकी एक जरी गोष्ट असली तर एक्स-रे काढावा: वय ५५ किंवा त्याहून जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली जे छोटे हाडाचे टोक लागते तिथे दाबल्यावर दुखणे, गुडघा काटकोनापर्यंत वाकवता न येणे, आणि मार लागल्यानंतर लगेच तसेच दवाखान्यात आल्यावरही चार पावले टाकता न येणे. चार पावले म्हणजे दोन्ही पायांवर दोन-दोनदा भार देणे. लंगडत टाकली तरी चालतील. पण भिंतीला धरून, कुणाच्या खांद्यावर हात टाकून किंवा एका पायावर उड्या मारत केलेले चालणे यात धरत नाहीत. आपल्याकडे नेमके तेच धरले जाते! दोघांनी बखोटीला धरून मैदानाबाहेर आणलेल्या खेळाडूविषयी "चालत आला की" असे सांगणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

या नियमाची मर्यादाही सांगायला हवी. तो हाड मोडले आहे का एवढेच बघतो. एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध आणि गादी दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ "गुडघा नॉर्मल आहे" असा होत नाही. फिल्म पिशवीत घालून निश्चिंत मनाने घरी जाणाऱ्यांनी एवढे तरी डॉक्टरांना विचारावे, की हाड ठीक असेल तर सूज कशाची?

हाडाशिवायच्या इजांसाठी तीन गोष्टी घरीच बघता येतात. पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवून टाच जमिनीवरून उचलता येते का? अजिबात येत नसेल तर वाटीच्या वरची किंवा खालची जाड शीर तुटलेली असू शकते. अशी शीर लवकर, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत शिवली तर चांगली जुळते. महिना घालवला तर ती आक्रसते आणि काम कठीण होते. दुसरे, गुडघा मध्येच अडकून पूर्ण सरळ होत नाही का? फाटलेल्या गादीचा तुकडा दारात पाचर बसावी तसा आत अडकतो. अशा गुडघ्याला झटका देऊन "मोकळा" करायचा नाही, एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचा. आणि तिसरे, भार देताना गुडघा सटकतो का? सटकत असेल तर सूज नसली, दुखत नसले तरी तपासणी हवी.

यातले काहीच नाही, थोडी सूज आहे, लंगडत का होईना स्वतःचे स्वतः चालता येते, गुडघा वाकतो आणि सरळ होतो, तर घरी थांबायला हरकत नाही. पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे दिवसातून चार-पाच वेळा लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पण पावलाला मुंग्या येतील इतके आवळू नये. उकिडवे बसणे, मांडी घालणे, जिने, ओझे टाळावे. विहारात वंदनेला खुर्चीवर बसावे, त्याने श्रद्धा कमी होत नाही. दोन-तीन दिवसांनंतर मात्र हळूहळू हालचाल सुरू करावी. महिनाभर पाय आखडून बसल्याने मांडीचे स्नायू सुकतात आणि गुडघा आणखी अस्थिर होतो. पाच-सात दिवसांत सुधारणा दिसली नाही तर दवाखाना गाठावा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागू लागला तर त्याच दिवशी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्या गोष्टी करायच्या नाहीत, त्या आपण नेमक्या पहिल्याच रात्री करतो. शेक, जोरात मालिश आणि दारू. तिन्हींनी आतला रक्तस्राव वाढतो. हाडवैद्यांविषयी आमचे मत अनेकांना रुचणार नाही. पिढीजात हाताला हाडांची जाण असलेले काही जण असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण ताज्या माराच्या गुडघ्यात आत काय मोडले आहे हे न बघता तो ओढणे, दाबणे, बांबूच्या कामट्या आवळून बांधणे यातून होणारे नुकसान कधी कधी मूळ मारापेक्षा मोठे असते. त्यांच्याकडे जाण्याचे खरे कारण जाण हे नसतेच. ते संध्याकाळी उशिरा भेटतात, आपल्या भाषेत बोलतात, दोन-तीनशे रुपयांत भागते आणि कुणी ताटकळत ठेवत नाही. ही गरज दवाखान्यांनी भागवली पाहिजे. ती भागत नाही तोवर नुसते लोकांना अडाणी म्हणून काय होणार?

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल थोडे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, पित्ताचा जुना आजार असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित, तेही ठरलेल्या मात्रेतच आणि दारू पिणाऱ्याने विचारूनच घ्यावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या माणसाचा गुडघा सुजला तर त्याने घरी थांबायचे नाही.

विदर्भातील वाचकांनी पुढचा भाग नीट वाचावा

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल आजार आदिवासी समाजांबरोबरच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. ज्याला हा आजार आहे त्याच्या गुडघ्याचे अचानक आलेले दुखणे माराचेच असेल असे नाही. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडात, सांध्यात प्रचंड कळा येतात. खेळून, उन्हात फिरून, पाणी कमी पिऊन आलेल्या मुलाने "गुडघा दुखतोय" म्हटले की आई-वडील पडला असेल असे समजतात, आणि मूलही मार खायच्या भीतीने "हो, पडलो" म्हणते. दुसरे असे की सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचे टोक रक्ताअभावी खराब होऊ शकते, आणि खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, गोळ्या चालू राहतात आणि खुबा बघायचे राहून जाते.

आणि बर्फ! वर आम्ही बर्फाचा सल्ला दिला, तो सिकलसेलच्या रुग्णांसाठी नाही. थंडीने त्यांच्या कळा वाढू शकतात. त्यांना भरपूर पाणी द्यावे, पाय उबदार ठेवावा आणि ताप असेल किंवा दुखणे नेहमीच्या गोळीने थांबत नसेल तर लगेच रुग्णालयात न्यावे. दवाखान्यात पोचताच पहिले वाक्य "याला सिकलसेल आहे" हे असले पाहिजे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, सरकारी दवाखान्यांत रक्ततपासणी होते. तरीही लग्न मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवणारी घरे आजही आहेत. लपवलेल्या आजाराची किंमत अशा वेळी गुडघ्यावर बर्फ ठेवून मोजावी लागते.

सिकलसेल नसतानाही, कुणालाही, मार न लागता गुडघा एकाएकी लाल, गरम, सुजलेला झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते. लहान मूल पाय टेकवायलाच तयार नसेल तर त्याचा खुबाही तपासायला सांगावे.

घरातल्या बायका पडतात तेव्हा बहुतेक वेळा ते कुणाला कळतही नाही. मोरीत पाय घसरतो, पाण्याचा हंडा घेऊन पायरी चुकते, आणि त्या उठून भाकऱ्या थापायला बसतात. "आईला काही झालं नाही, ती कामं करतेय" हे वाक्य ऐकले की आम्हाला काळजी वाटते. वर सांगितलेल्या नियमात ५५ वर्षे वय हे एकटेच एक्स-रेसाठी पुरेसे कारण आहे. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात, साध्या पडण्यानेही नडगीच्या वरच्या टोकाला तडा जातो. आईला विचारू नका, दुखतंय का. तिला चार पावले टाकायला सांगा आणि बघा.

केसपेपरवरची तारीख

गुडघ्याचा मार कामावर लागला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याला औषधापलीकडचे आणखी एक कारण आहे. घंटागाडीवरून उतरताना, गटाराच्या झाकणात पाय जाऊन, परातीवरून घसरून झालेली इजा चार दिवसांनी दाखवली की मुकादम म्हणतो, "घरी पडला असशील." केसपेपरवर त्या दिवसाची तारीख आणि "कामावर असताना पडून" एवढे शब्द असतील तर ते त्याला म्हणता येत नाही. डॉक्टरांना हे शब्द लिहायला सांगावे. अपघाताची नोंद करायला मालकाला किंवा कंत्राटदाराला लेखी कळवावे, किमान मोबाईलवर संदेश पाठवून तो जपून ठेवावा.

कर्मचारी राज्य विम्याच्या कार्डधारकांना तर हे जास्तच लागू आहे. कामावरच्या इजेमुळे काम करता येत नसेल तर त्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळण्याची त्यात तरतूद आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि पुढे १९४८ साली या विम्याचा कायदा झाला. हा इतिहास आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आपल्याच वस्तीतील किती कंत्राटी कामगारांना स्वतःचा विमा क्रमांक माहीत आहे? पगारातून वर्गणी कापली जाते आणि क्रमांक दिला जात नाही, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. गुडघा मोडल्यावर तो शोधण्यापेक्षा या महिन्याच्या पगारपत्रकावर बघून ठेवावा.

ज्यांना विमा नाही त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकेची रुग्णालये यांचे नियम वेगळे आहेत. भरती किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे, पैसे भरल्यावर नव्हे.

सरकारी दवाखान्यात जाण्याविषयीची अनिच्छा फक्त रांगेमुळे नसते, हेही बोलले पाहिजे. आडनाव ऐकून सूर बदलतो, हात न लावता लांबूनच बघून चिठ्ठी लिहिली जाते, असा अनुभव आपल्यातल्या अनेकांनी सांगितला आहे. गुडघ्याची तपासणी हात न लावता होऊच शकत नाही. हाडांचा जाणकार डॉक्टर नडगी पुढे ओढून, दोन्ही बाजूंना दाबून, दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करून सांगू शकतो की कुठला अस्थिबंध सैल आहे. "डॉक्टर, कृपया दोन्ही गुडघे हाताने तपासून बघा" असे म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तरीही टाळाटाळ झाली तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी. आजारी माणूस एकटा असतो तेव्हा हे त्याला जमत नाही. म्हणून प्रत्येक विहारात चार तरुण-तरुणी अशी असावीत, जी कुणालाही सोबत घेऊन दवाखान्यात जातील. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले-पुसले, ही कथा आपण मुलांना सांगतो. रांगेत दोन तास सोबत बसणे त्यामानाने सोपे आहे.

खासगीकडे दुसरा धोका असतो. तिथे पहिल्याच दिवशी एमआरआय लिहून दिला जातो, आणि तो अमुकच सेंटरमधून काढायचा असा आग्रह असतो. कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्या राज्यात कुणाला नवीन नाही. गुडघा अडकला असेल, एकाहून अधिक अस्थिबंध तुटल्याची शंका असेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल तर एमआरआयची गरज खरी आहे. एरवी नीट हाताने तपासणी, गरजेपुरता एक्स-रे आणि फेरतपासणी यांनी बहुतेकांचे भागते. चाळिशी-पन्नाशीनंतर काढलेल्या एमआरआयमध्ये गादी झिजलेली, चिरलेली दिसणे फार सामान्य आहे, आणि अशा झिजेच्या चिरांमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा व्यायामापेक्षा सहसा जास्त फायदा होत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. एसीएल तुटलेल्या प्रत्येकालाही शस्त्रक्रिया लागत नाही. जो मैदानात खेळणार आहे, शिडीवर किंवा बांधकामावर काम करतो, ज्याचा गुडघा व्यायाम करूनही सटकतो, त्याला ती लागू शकते. बाकीच्यांनी तीन महिने मन लावून फिजिओथेरपीचा व्यायाम करून मग निर्णय घ्यावा. कर्ज काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा डॉक्टरांचा अपमान नाही.

आता मंडळांविषयी थोडे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आठ-दहा तास लेझीम, ढोल आणि नाच चालतो, चपला घालून, डांबरी रस्त्यावर, पाणी न पिता. जयंतीच्या निमित्ताने कबड्डीच्या स्पर्धा होतात, कित्येकदा खडी झाडून काढलेल्या मैदानावर. डीजेसाठी लाखाची वर्गणी उभी करणाऱ्या मंडळाकडे चार क्रेप बँडेज आणि बर्फाचा एक डबा नसावा, हे आम्हाला पटत नाही. जखमी खेळाडूला उरलेली चढाई करायला लावणाऱ्या कप्तानाला टाळ्या मिळतात, तेही थांबवायला हवे. ज्याचा गुडघा मैदानात सुजला किंवा ज्याला आतून आवाज आला, तो त्या दिवशी परत खेळणार नाही, एवढा एक नियम स्पर्धेच्या पत्रकात छापावा. मैदानाजवळ एक गाडी, दोन लाकडी फळ्या, मऊ फडकी, आणि जवळचे एक्स-रेची सोय असलेले सरकारी रुग्णालय कोणते हे आधी ठरवलेले असावे. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला जाणाऱ्या गटांनीही आपल्याबरोबरच्या वयस्कर मंडळींसाठी हेच करावे.

शेवटची एक गोष्ट दवाखान्यातून परतल्यानंतरची. मार ताजा असतो, गुडघा सुजलेला असतो, स्नायू आखडलेले असतात, तेव्हा चांगल्या डॉक्टरलाही अस्थिबंध नीट तपासता येत नाही. म्हणून ते सात-दहा दिवसांनी परत बोलावतात. तोवर दुखणे कमी झालेले असते, आधीच दोन खाडे पडलेले असतात, आणि तिसरा खाडा करून कुणी जात नाही. खरी तपासणी त्या दिवशी होणार असते. विहाराच्या फळ्यावर रविवारच्या वंदनेची वेळ लिहितो, तिच्याखाली कुणाची फेरतपासणी कोणत्या वारी आहे, हेही त्यांना विचारून लिहून ठेवता येईल, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार त्याचे नावही.